फसलेल्या बंदुकांच्या वाटेने

टॉवर ऑफ लंडनला जाणारा मराठी प्रवासी बहुधा कोहिनूरसाठी जातो. रत्नांच्या दालनात सरकत्या पट्ट्यावर उभा राहून राजमुकुटांसमोरून पुढे सरकतो, 'आपलाच हिरा' म्हणून एक सुस्कारा टाकतो आणि बाहेर पडतो. समोरच्या व्हाइट टॉवरकडे त्याचे पाय फारसे वळत नाहीत. तिथे मात्र अशा काही वस्तू आहेत की ज्यांच्यापुढे बंदुकांचा शौकीन तासभर हलत नाही, आणि त्यांतली एकही वस्तू कधी धड कामाला आलेली नाही. या शौकिनांचा हा स्वभावच चक्रावून टाकणारा आहे. नेमकी, टिकाऊ, लाखांनी बनलेली रायफल दाखवली तर ते मान डोलावतात. सात नळ्यांची, खांदा निखळवणारी, आरमाराने सोडून दिलेली बंदूक दाखवली की 'ही आपल्याकडे हवी' असे म्हणतात. हौसेला मोल नसते, म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण लंडन, लीड्स आणि बेल्जियममधले लिएज अशी वाट धरून या वस्तू क्रमाने पाहिल्या, तर या हौसेमागे एक चोख कारण आहे हे ध्यानात येते. ते कारण काय, आणि ते मान्य केल्यावर बंदूक खरोखर विकत घ्यायची गरज उरते का, हे तपासायला ही वाट सोयीची आहे.

व्हाइट टॉवर अकराव्या शतकातला. विल्यम द काँकररच्या काळात त्याचे बांधकाम सुरू झाले. आत राजघराण्याच्या शस्त्रागारातल्या वस्तू मांडलेल्या आहेत आणि त्यांत आठव्या हेन्रीच्या हौशी ठळकपणे दिसतात. त्यातली बंदूक-ढाल जवळून पाहावी. लाकडाच्या गोल ढालीवर पोलादी पत्रे ठोकलेले, मधून पिस्तुलाची आखूड नळी बाहेर आलेली आणि नेम धरण्यासाठी वरच्या बाजूला जाळीची छोटी खिडकी. बार भरायची सोय मागून आहे, म्हणजे ढाल खाली न ठेवता शिपायाने आडोशाला राहून दारू-गोळी भरावी, असा बेत होता. राव्हेन्नाच्या जोव्हान्नीबातिस्ता नावाच्या इटालियन कारागिराने १५४४ मध्ये राजाला पत्र लिहून अशा ढाली देऊ केल्या होत्या आणि १५४७ च्या यादीत त्या ३५ असल्याची नोंद आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या युद्धनौकेच्या अवशेषांतही अशा ढाली सापडल्या. बेत कागदावर बिनतोड आहे. प्रत्यक्षात एका हाताने जड ढाल पेलायची, दुसऱ्या हाताने पेटता तोडा सांभाळायचा, खिडकीला एक डोळा लावून नेम धरायचा आणि रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, पेटल्यावर तो भडका आपल्याच नाकासमोर झेलायचा. दुसरे हत्यार आहे 'हेन्रीची काठी', काटेरी गदेच्या डोक्यात तीन नळ्या बसवलेले. राजा रात्री वेषांतर करून हीच काठी घेऊन लंडनमध्ये हिंडत असे आणि एकदा पहारेकऱ्यांनी त्यालाच पकडले, अशी दंतकथा टॉवरमध्ये पूर्वापार सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी दोन्ही हत्यारांमागचा प्रश्न खरा होता. बंदूक एकदा उडाली की पुढचा बार भरेपर्यंत शिपाई निःशस्त्र असतो. तेवढ्या वेळात त्याने जीव कसा वाचवायचा? एकाने ढालीचे उत्तर दिले, दुसऱ्याने गदेचे. दोन्ही उत्तरे चुकली, पण ती समोर असल्यामुळेच तो प्रश्न सुमारे पावणेपाचशे वर्षांनंतरही आपल्याला लख्ख दिसतो.

माझ्या मते शौकिनांच्या ओढीचे मूळ इथे आहे. यशस्वी बंदूक आपला इतिहास पुसून टाकते. एकदा एखादी रचना रूढ झाली की ती स्वयंसिद्ध वाटू लागते आणि ती तशीच का, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. फसलेली बंदूक म्हणजे हुशार मुलाच्या वहीतले खोडलेले गणित. उत्तर चुकलेले, पण रीत पायरीपायरीने कागदावर. याचा उत्तम नमुना पाहायचा तर थोडी आडवाट करावी लागते. जेम्स पकल या लंडनच्या वकिलाने १७१८ मध्ये एका बंदुकीचे पेटंट घेतले. तीन पायांच्या घोडीवर बसवलेली एक लांब नळी, मागे फिरता गोळा, त्यात अनेक खाने, आणि प्रत्येक खान्यात आधीच भरलेला बार. एक बार उडाला की मागचा दांडा सैल करायचा, गोळा हाताने पुढच्या खान्यावर फिरवायचा, दांडा पुन्हा आवळून खाना नळीच्या तोंडाशी घट्ट बसवायचा आणि चाप ओढायचा. १७२२ च्या प्रात्यक्षिकात पावसात तिने सात मिनिटांत ६३ बार काढले, म्हणजे मिनिटाला नऊ. तेव्हाचा कसलेला शिपाई साध्या चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढी. तरीही लष्कराने ती घेतली नाही. इतके बारीक, एकमेकांत हवाबंद बसणारे भाग हाताने घडवणे त्या काळी महाग आणि बेभरवशाचे होते. प्रत्येक खान्याला ताजे रंजक लागे, आणि चकमकीचा दगड ऐन वेळी दगा देई तो वेगळाच. पकलच्या कंपनीचे भाग घेणाऱ्यांखेरीज या बंदुकीने कुणीच जखमी झाले नाही, अशी थट्टा त्या काळी झाली. ड्यूक ऑफ माँटेग्यूने मात्र सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट बेटांच्या मोहिमेसाठी दोन बंदुका घेतल्या. त्याच्या घराण्याकडच्या बंदुका आज नॉर्दॅम्प्टनशरमधल्या बाउटन हाउसमध्ये आणि हँपशरमधल्या ब्यूलीच्या पॅलेस हाउसमध्ये आहेत. बाउटन लीड्सच्या वाटेवर पडते, पण वर्षातले थोडेच दिवस खुले असते, म्हणून तारखा आधी पाहूनच जावे. फिरत्या गोळ्याची कल्पना पुढे सव्वाशे वर्षांनी रिव्हॉल्व्हरच्या रूपाने जगभर गेली. पकलची कल्पना बरोबर होती, तिला पेलणारे यंत्रकाम मात्र त्याच्या शतकात नव्हते. हे सत्य रिव्हॉल्व्हर पाहून कळत नाही, पकलची बंदूक पाहून कळते.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून लीड्स गाडीने सुमारे सव्वादोन तास. स्थानकापासून एअर नदीच्या काठाने पायी गेले की जुन्या गोदीवर उभे असलेले रॉयल आर्मरीजचे संग्रहालय लागते. टॉवरमध्ये मावेनासा झालेल्या राष्ट्रीय शस्त्रसंग्रहाचा मोठा भाग १९९६ मध्ये इथे आला. प्रवेश विनामूल्य आहे. दारातून आत शिरताच 'हॉल ऑफ स्टील' हा अष्टकोनी मनोरा लागतो आणि त्याच्या भिंतींवर सुमारे अडीच हजार चिलखते, तलवारी, संगिनी नक्षीसारख्या वरपर्यंत रचल्या आहेत. नजर दिपते, पण शिकायला तिथे फारसे नाही, म्हणून लवकर पुढे जावे. बंदुकांच्या दालनांत नॉकची सात नळ्यांची बंदूक शोधावी. जेम्स विल्सन नावाच्या संशोधकाने १७७९ मध्ये ती सुचवली आणि हेन्री नॉक या लंडनच्या बंदूककाराने ब्रिटिश आरमारासाठी ती घडवली. मध्ये एक नळी, भोवती सहा, साती एकत्र झाळलेल्या आणि मागे एकच चाप. मधल्या नळीला आग लागली की बारीक छिद्रांतून ती उरलेल्या सहांना लागते आणि साती गोळ्या एकदम सुटतात. डोलकाठीवरच्या माचीवरून शत्रूच्या डेकवरची गर्दी एका बारात साफ करावी, असा हिशोब. पण सात बारांचा धक्का एकाच खांद्याला बसे, आणि जळत्या दारूच्या ठिणग्या आपल्याच शिडांवर पडायची भीती असे. शिवाय सात नळ्या पुन्हा भरायच्या, त्याही वाऱ्यावर झुलणाऱ्या माचीवर. एकोणिसावे शतक उजाडले न उजाडले तोच आरमाराने ती सोडून दिली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नॉकची बंदूक आज ज्यांना हवी आहे त्यांच्यातल्या किती जणांना बारीक छिद्रांतून फिरणाऱ्या आगीत रस आहे? बर्नार्ड कॉर्नवेलच्या 'शार्प' कादंबऱ्यांतला धिप्पाड आयरिश सार्जंट हार्पर ती खांद्यावर टाकून फिरतो, १९९० च्या दशकात त्यावर दूरदर्शन मालिका आली, त्याआधी १९६० च्या 'द अलामो' चित्रपटात रिचर्ड विडमार्कच्या हाती ती दिसली. म्हणजे ओढ बंदुकीची नसून नायकाची आहे, आणि विचारप्रक्रिया वगैरे गोष्टी मागाहून लावलेला मुलामा आहे, असे कुणी म्हणेल. यातला निम्मा भाग मान्य करावा लागेल. पण कादंबरीकाराने आपल्या दणकट पात्रासाठी हजारो साध्या बंदुका सोडून हीच का उचलली, हेही विचारले पाहिजे. ही बंदूक झेपायला माणूस असामान्य लागतो, हे तिच्या रचनेतच आहे आणि लेखकाने तेवढेच हेरले. आरमाराने जी खोट म्हणून नोंदवली, तीच कथेत पात्राची ओळख झाली. लोकप्रियतेने ओढ वाढते, तरी ती निर्माण होते वस्तूच्या विचित्र रचनेतून. ती रचना समजून न घेता नुसती बंदूक हवी म्हणणारे आहेतच. त्यांच्यामुळे समजून घेणाऱ्यांचे कारण खोटे ठरत नाही.

लीड्सच्या आशियाई दालनात आपल्या माणसाची पावले आपोआप थबकतात ती हत्तीच्या चिलखतापुढे. रॉबर्ट क्लाइव्हच्या सुनेने, मद्रासच्या गव्हर्नराच्या पत्नीने, १८०१ च्या सुमारास ते इंग्लंडला नेले. आज त्याचे ५,८४० पत्रे उरले आहेत आणि वजन ११८ किलो भरते. निरुपयोगी युद्धसाहित्याची हाव ही काही आजच्या शौकिनांची नवलाई नव्हे, याचा हा एक दाखला. दुसरा दाखला त्याहून जुना, मुघल दरबारातला आहे. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने नोंदवले आहे की हजारो बंदुकांतून निवडलेल्या १०५ बंदुका बादशहाच्या खास वापरासाठी राखून ठेवल्या होत्या आणि त्या महिन्यांच्या पाळीने त्याच्या हाती दिल्या जात. त्यांतल्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने अकबराने १,०१९ जनावरे मारल्याचा हिशोबही तिथे आहे. एकाच बत्तीने सतरा बंदुका उडवणाऱ्या यंत्राचे वर्णनही त्याच ग्रंथात येते. नॉकच्या सात नळ्यांच्या दोनशे वर्षे आधी हिंदुस्थानात तोच प्रश्न कुणाला तरी छळत होता. एकाच माणसाला १०५ बंदुका शिकारीसाठी लागत नाहीत. बंदुकांना नावे देऊन, पाळ्या लावून त्यांची हजेरी ठेवणारा बादशहा हा उघडच शौकीन होता, फरक इतकाच की त्याच्या शौकाची दप्तरी नोंद ठेवायला अबुल फजल होता. पुढे कंपनी सरकारच्या काळात हौद्यातून शिकार करणाऱ्या साहेबांसाठी इंग्लंडात खास हौदा-पिस्तुले बनू लागली. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर झेपावला तर हातभर अंतरावरून झाडायची, दोन नळ्यांची, जाड काडतुसांची. एरवी या पिस्तुलांचा उपयोग शून्य. पण इतका नेमका, इतका अपवादात्मक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली वस्तू पाहताना तो प्रसंग, तो काळ आणि ती सत्ता, तिन्ही एकदम उभी राहतात.

हिंदुस्थानशी नाते असलेले आणखी एक पिस्तूल या कथेत मानाचे आहे. जॉर्ज फॉस्बेरी हा बंगाल युरोपियन पलटणीतला अधिकारी. वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत १८६३ मध्ये दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निवृत्तीनंतर त्याने १८९५ मध्ये आपोआप चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले, आणि वेब्ली कंपनीने १९०१ पासून ते बाजारात आणले. 'वेब्ली-फॉस्बेरी' हातात असल्याची कल्पना करून त्याची चाल समजून घ्यावी. बार उडताच नळी आणि सहा खान्यांचा गोळा दस्त्याच्या वरच्या चौकटीवर रुळावरून सरकावे तसे मागे येतात. गोळ्याच्या बाहेरच्या अंगावर नागमोडी खाच कोरलेली आहे आणि चौकटीतून वर आलेली एक खुंटी त्या खाचेत फिरते. मागे येताना खुंटी गोळ्याला अर्धे वळवते, स्प्रिंगने पुढे जाताना उरलेले अर्धे, आणि याच हालचालीत घोडाही चढतो. चाप ओढायचा तेवढा माणसाने, बाकी सारे धक्क्याने. बिस्लीच्या नेमबाजी मैदानावर त्याची वाहवा झाली. पहिल्या महायुद्धात मात्र खंदकातला चिखल त्या उघड्या, देखण्या खाचेत बसू लागला आणि यंत्र अडू लागले. शिवाय हात सैल पडला तर चौकटही धक्क्याबरोबर मागे जाई आणि फेरा अपुरा राही. दोन जुनी मते होती. रिव्हॉल्व्हर भरवशाचे, स्वयंचलित पिस्तूल वेगाचे. फॉस्बेरीने दोन्हींचे गुण एकत्र आणायचा घाट घातला आणि हाती आले दोन्हींचे दोष. पण ती नागमोडी खाच पाहिली की, धक्का हा शत्रू न मानता त्याला कामाला लावणारे डोके समोर दिसते. शौकीन पैसे मोजतो ते या खाचेसाठी, आणि ते मोजणे मला वेडेपणाचे वाटत नाही.

विसाव्या शतकातली सगळ्यात नामांकित फजिती म्हणजे जायरोजेट. लीड्सच्या संग्रहालयाला जोडूनच राष्ट्रीय बंदूक संग्रह आहे, अभ्यासकांना आगाऊ परवानगी घेऊन पाहता येणारा. जायरोजेटसारख्या चिजा अशा संग्रहांत सुखाने नांदतात. कॅलिफोर्नियातल्या एमबी असोशिएट्सने १९६० च्या दशकात १३ मिलिमीटरचे अग्निबाण झाडणारे पिस्तूल काढले. नळीत स्फोट नाही, त्यामुळे जाड पोलाद नको, धक्का नाही, मोठा आवाज नाही. बाणाच्या बुडाला तिरकी छिद्रे, त्यांतून वायू सुटला की बाण पुढेही जातो आणि स्वतःभोवती फिरतोही. घोडा मागून न आपटता समोरून बाणाच्या नाकावर आपटतो, त्याला मागच्या स्थिर सुईवर ढकलतो. सुईने बाण पेटतो, आणि निघताना तोच घोड्याला खाली दाबून पुढच्या बारासाठी चढवून जातो. इतकी सुटसुटीत रचना पाहून यंत्र जाणणारा माणूस दाद दिल्याशिवाय राहत नाही. पण साध्या बंदुकीची गोळी नळीच्या तोंडाशी सर्वांत वेगवान असते, तर हा बाण तिथे सर्वांत हळू असतो आणि वेग पकडतो तो काही अंतर गेल्यावर. पिस्तूल वापरायचे ते मुख्यतः जवळून, आणि नेमके जवळूनच हे दुबळे. छिद्रांत किंचित फरक पडला तरी नेम चुके, काही बाण पेटतच नसत. १९६७ च्या जेम्स बाँडपटात ते दिसले आणि उत्पादन थांबूनही त्याचे नाव राहिले. आज त्याचा एक-एक बाण संग्राहक इतक्या भावाने घेतात की उडवायची हिंमत कुणी करत नाही. म्हणजे जायरोजेट आता केवळ बघण्याची वस्तू झाली आहे, आणि तिच्या मालकांनाही ते मान्य आहे.

लंडनच्या सेंट पँक्रसवरून युरोस्टारने दोन तासांत ब्रुसेल्स आणि तिथून तासाभरात लिएज. सान्तियागो कालात्रावाने रचलेले, पोलाद आणि काचेच्या प्रचंड कमानीचे गिय्येमँ स्थानक २००९ मध्ये खुले झाले आणि ते स्वतःच पाहण्याजोगे आहे. म्यूझ नदीच्या काठचे हे शहर शतकानुशतके युरोपला बंदुका पुरवत आले. नदीकाठचा लालभडक वाडा सतराव्या शतकाच्या आरंभी जाँ कुर्तियुस या व्यापाऱ्याने बांधला. स्पॅनिश फौजांना दारूगोळा विकून त्याने त्यासाठीचा पैसा कमावला होता. त्या वाड्याभोवती आज ग्राँ कुर्तियुस संग्रहालय आहे, आणि १८८५ मध्ये बंदूक कारखानदार पिएर-जोसेफ लमील याने सुरू केलेला शस्त्रसंग्रह त्याचाच भाग आहे. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून चौकशी करून जावे. लिएजचे वैशिष्ट्य तिथल्या कामाच्या पद्धतीत होते. आसपासच्या खेड्यांतले कारागीर घरीच कुणी नळी, कुणी चाप, कुणी दस्ता घडवत आणि शहरातला व्यापारी ते जोडून विकत असे. प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून पाहायची आणि टिकली तरच शिक्का मारायचा, असा हुकूम इथल्या राजा-बिशपने १६७२ मध्ये काढला, आणि ते चाचणीघर आजही चालू आहे. १८८९ मध्ये बेल्जियम सरकारच्या दीड लाख माउझर रायफलींसाठी इथल्याच कारखानदारांनी हर्स्टालला एफएन कंपनी उभी केली. कामाच्या बंदुकांचा सर्वांत मोठा रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये याच कारखान्यात काम करता करता वारला.

एका बाजूला इतका कडक शिस्तीचा धंदा आणि दुसऱ्या बाजूला विचित्र बंदुकांची खाण, हे लिएजमध्ये एकत्र कसे नांदले? याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे. अमेरिकेत रोलिन व्हाइटने १८५५ मध्ये आरपार भोकांच्या गोळ्याचे, म्हणजे मागून काडतूस भरायच्या रिव्हॉल्व्हरचे, पेटंट घेतले आणि स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याचे हक्क घेतले. १८६९ पर्यंत बाकीच्यांना ते बंद. मग पुढून भरायची बोंडाची काडतुसे, सरकत्या खोळी असले नाना अव्यापारेषु व्यापार तिथल्या बंदूककारांनी केले. त्यांतल्या अनेक विचित्र रचना निव्वळ पेटंट चुकवण्यासाठी जन्मल्या. युरोपात ती अडचण नव्हती. लिएजचे कारागीर हवे ते जोडून पाहायला मोकळे होते आणि गिऱ्हाईक मागेल ते छोट्या संख्येत बनवून द्यायला घरगुती पद्धत सोयीची होती. मारिएत या बंदूककाराची एकाच दस्त्यावर अठरा नळ्यांपर्यंत जाणारी पिस्तुले इथे बनली. सायकली आल्यावर मागे लागणाऱ्या कुत्र्यांना पळवण्यासाठी 'व्हेलो-डॉग' नावाची इवलीशी रिव्हॉल्व्हरे निघाली. काहींच्या काडतुसांत गोळीऐवजी तिखटाची पूड भरत. आणि दोल्न या कारागिराचे 'अपाश' रिव्हॉल्व्हर निघाले. त्याचा दस्ता म्हणजे बोटांत अडकवायची पितळी मूठ, खाली घडीचे पाते, आणि नळी जवळजवळ नाहीच. खिशात घडी करून मावावे म्हणून नळी काढली, त्यामुळे नेम गेला. चापाभोवती कडेच नव्हते, त्यामुळे खिशातच बार उडायची भीती आली. तीन हत्यारे एकत्र करताना तिन्ही बिघडली, हे ते उघडून पाहिले की मिनिटात समजते.

आता खरा, जड आक्षेप. बंदूक ही माणूस मारायची वस्तू आहे. तिच्या खाचा-खुंट्यांचे कौतुक करणे म्हणजे हिंसेला कलेचे कपडे घालणे नव्हे का? हा आक्षेप झटकून टाकणारा माणूस या वाटेवरच्या वस्तू नीट बघतच नाही. पकलच्या पेटंटमध्ये दोन प्रकारच्या गोळ्यांची सोय आहे, ख्रिस्ती शत्रूसाठी गोल आणि तुर्कांसाठी चौकोनी, का तर चौकोनी गोळीची जखम अधिक वाईट होते असा समज. धर्मद्वेष इतक्या थंडपणे यंत्राच्या आराखड्यात उतरलेला क्वचितच पाहायला मिळतो. कुर्तियुसचा देखणा वाडा युद्धाच्या पैशावर उभा आहे. 'अपाश' हे नाव पॅरिसच्या गुंडटोळ्यांचे. हौदा-पिस्तूल पाहताना हत्तीच्या पुढे हाकारे घालत पायी चालणारे, पिस्तूल नसलेले लोकही आठवले पाहिजेत. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. जगात माणसे मेली ती फसलेल्या बंदुकांनी फार थोडी, चोख चालणाऱ्या बंदुकांनी अगणित. भीती वाटायला हवी ती साध्या, स्वस्त, चिखलातही न अडणाऱ्या रायफलीची. ज्या फसलेल्या बंदुकीने कुणाचे फारसे वाईट केले नाही तिच्यातून यंत्रविद्या, धातुकाम, पेटंट कायदा, राजकारण आणि माणसाचे पूर्वग्रह हे सारे शिकता येत असेल, तर हिंसेचा इतिहास अभ्यासायला ती उलट अधिक सुरक्षित वाट आहे. अट एकच, चौकोनी गोळ्यांची गोष्ट गाळायची नाही.

या तर्काची एक मर्यादा मात्र सांगायला हवी. आज काही बंदुका मुद्दामच अव्यवहार्य बनवल्या जातात. ऑस्ट्रियातल्या फाइफर कंपनीचे झेलिस्का रिव्हॉल्व्हर सुमारे सहा किलोचे आहे आणि त्यात हत्तीच्या शिकारीच्या रायफलीचे काडतूस बसते. ते हाताने धरून नेम धरणे जवळपास अशक्य, आणि बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. हे कुठल्या प्रश्नाचे चुकलेले उत्तर नाही, कारण मुळात प्रश्नच नाही. आहे तो फक्त शौकिनाच्या हावेचा बाजार. ढाल, पकल, फॉस्बेरी आणि जायरोजेट यांच्या कर्त्यांना आपली वस्तू चालेल अशी मनापासून खात्री होती, म्हणून त्यांच्या फसण्यात अर्थ आहे. दुर्मीळपणाचेही तसेच. गॅबेट-फेअरफॅक्सचे 'मार्स' पिस्तूल जेमतेम ऐंशीच्या आसपास बनले म्हणून त्याचा भाव चढतो, पण भाव संख्येचा असतो, विचाराचा नव्हे. शिवाय अपाश किंवा पसरट नळ्यांचे 'बदकपाय' पिस्तूल यांच्या नकलाही बाजारात आहेत. निव्वळ दुर्मीळतेपायी घेणाऱ्याला अस्सल आणि नक्कल यांतला फरक लिलावाच्या कागदावरूनच कळतो. रीत समजणाऱ्याला तो खाचेवरून कळतो.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये जुनी, कालबाह्य काडतुसांची बंदूक कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगता येते, आणि कोणती जुनी मानायची याचे नियम २०२१ मध्ये आणखी स्पष्ट केले गेले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा अकबरासारखा शौक सरळ मार्गाने करणे भारतात शक्य नाही, आणि ते मला योग्यच वाटते. फसलेल्या बंदुकीत मोलाचे जे आहे ते तिच्या रचनेत आहे, तिजोरीत ठेवल्याने ते वाढत नाही, उलट नजरेआड जाते. म्हणून शौकिनांची निवड शहाणपणाची, पण मालकीची हाव अनाठायी, असाच माझा निवाडा आहे. आपल्या संग्रहालयांना एक विनंती करावीशी वाटते. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका भिंतीवर आडव्या टांगून खाली फक्त शतक लिहू नका. एखादीचे चापयंत्र उघडून दाखवा, रंजक कुठे ठेवत, आग आत कशी जाई, ती कुठे दगा देई, हे दोन ओळींत सांगा. आणि वाचकांना सांगणे एवढेच, की टॉवरला गेलात तर कोहिनूरनंतर व्हाइट टॉवरसाठी दोन तास राखून ठेवा, आणि जमले तर एक दिवस लीड्सला द्या. हौसेला मोल नसते हे खरे, पण ही हौस लीड्सला फुकटात भागते.